रिळं उघडणाऱ्या रणपिसे मॅडम

"गळ लावलाय का? लावला असेल तर तसेच उभे राहा, मी येते. नसेल तर तुमचं चालू द्या."

रणपिसे मॅडम माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत उभा होतो. माझ्या हातात नवाकोरा रॉड होता आणि त्यावरच्या रिळातून सुटलेली दोरी माझ्या मनगटाला, गॅलरीच्या गजांना आणि शेजारच्या वाळत घातलेल्या चादरीला गुंडाळली गेली होती. ती चादर मॅडमची होती.

गळ लावलेला नव्हता. तरी त्या आल्या. बुटक्या, साठी ओलांडलेल्या, करडी वेणी, अंगावर टेलिफोन खात्यातला जुना खाकी एप्रन. त्यांनी आधी चादर सोडवली, मग गज, आणि सगळ्यात शेवटी मला.

"हा रॉड खाली लटकणाऱ्या रिळाचा आहे," त्या म्हणाल्या. "आणि रीळ आणलंय वर बसणारं. हे स्थळ कोणी जुळवलं?"

"ऑनलाइन घेतलं, मावशी."

"कोणाची मावशी?"

आमच्या भंडाऱ्याकडे शेजारच्या बाईला मावशी म्हणायला नातं लागत नाही. पुण्यात लागतं हे मला तेव्हा कळलं. मी मॅडम म्हणायला लागलो, आणि मग शेवटपर्यंत त्या मॅडमच राहिल्या.

खरं म्हणजे मासे मला नवीन नव्हते. आमचा जिल्हा तलावांचा. पण तिकडे मासा जाळ्यात येतो, आणि पोराटोरांचा गळ म्हणजे बांबूची काडी आणि सुतळी. हडपसरला मी ज्या कंपनीत टेस्टिंगचं काम करतो, तिथले तिघं दर शनिवारी रबरी बेडूक आणि चमकते पत्रे घेऊन तलावावर जायचे. त्यांच्या नादानं मी महिनाभर व्हिडिओ पाहिले आणि रॉड मागवला. त्याच्यावर 'बास' असं लिहिलेलं होतं.

"बास मासा आपल्याकडे आहे का?" मी मॅडमना विचारलं.

"नाही."

"मग बासचा रॉड काऊन विकतात?"

"लंडनमध्ये कोल्हापूर आहे का? चपला विकतातच ना तिथे? मरळीला चालतो हा. तीही गवतात दबा धरून बसते आणि एकदाच अंगावर येते. तेवढ्याला टोक लवचीक आणि पाठ कणखर लागते. रॉड चांगला आहे तुमचा. चुकून चांगला घेतलाय."

रीळ मात्र त्यांनी परत पाठवायला लावलं. वर बसणाऱ्या रिळात दोरी सुटताना अंगठ्यानं आवरावी लागते, तो अंगठा तयार व्हायला वर्ष जातं, तोवर नुसत्या जटा सोडवत बसाल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सांगितलं ते साधं, खाली लटकणारं रीळ मी मागवलं. ते आलं त्या दिवशी मी घेऊन गेलो, तर त्यांनी ते माझ्यासमोर पूर्ण उघडलं.

"अहो, नवीन आहे ते."

"म्हणून तर. आत काय घातलंय ते कळायला नको?"

त्यांच्या खिडकीशी एक टेबल होतं. त्यावर दिवा, भिंग, चार स्क्रू ड्रायव्हर आणि इडलीपात्राच्या ताटल्या. रिळाचा पहिला स्क्रू पहिल्या खळग्यात, दुसरा दुसऱ्यात, वॉशर तिसऱ्यात. जोडताना उलट्या क्रमानं यायचं. मी एकदा विचारलं की मग इडली कशात करता, तर म्हणाल्या, "इडली विकत मिळते."

टेलिफोन खात्यात त्यांनी तेहतीस वर्षं एक्स्चेंजमधली यंत्रं दुरुस्त केली होती. निवृत्त झाल्यावर हे. पुण्यातल्या गळ टाकणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्यांचं नाव माहीत होतं, पण ते 'व्ही. रणपिसे' असं. पिंपरीहून, वाघोलीहून माणसं यायची आणि दार उघडल्यावर म्हणायची, "रणपिसे साहेब आहेत का?" त्यावर मॅडम हात पुढे करून म्हणायच्या, "रीळ द्या."

रीळ हातात आलं की आधी कानाशी. डोळे मिटून मूठ फिरवायच्या. समोरचा बोलायला लागला की एक बोट वर. "तुम्ही थांबा, त्याला बोलू द्या." मग सांगायच्या: बेअरिंग कोरडं पडलंय, किंवा दात झिजलेत, किंवा "हे तुम्ही पाइपाखाली जोरात धुतलंय. आत पाणी गेलंय. अंघोळ घालायची नसते, ओल्या फडक्यानं पुसायचं असतं." रॉड आणला तर कापसाचा बोळा घेऊन तो प्रत्येक कडीतून ओढायच्या. कापसाचा तंतू अडकला की तिथे कडीला चीर. डोळ्यांना न दिसणारी चीर, पण दोरी तिथेच कापते आणि माणूस म्हणतो, मासा केवढा मोठा होता.

त्यांचा एक मंत्र होता. "फिरतं तिथे तेल, घासतं तिथे ग्रीस. आणि जे एकाच बाजूला फिरायला हवं, तिथे एक थेंब तेल. ग्रीस तर मुळीच नाही." हे तिसरं म्हणजे रिळातलं एक छोटं बेअरिंग, मूठ उलटी फिरू न देणारं. त्यात ग्रीस गेलं की ते घसरतं, मूठ मागे फिरते, आणि आलेला मासा जातो. हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की ऑफिसात कंटाळलो की मनात म्हणायला लागलो.

एकदा कोंढव्याचे एक बिल्डर मोठ्या गाडीतून परदेशी रीळ घेऊन आले. रीळ फिरत नव्हतं. मॅडमनी झाकण उघडलं, वास घेतला.

"खोबरेल?"

"शुद्ध आहे. घाण्याचं. गावाहून येतं."

"डोकं दुखत होतं का याचं?"

बिल्डर हसले. मॅडम हसल्या नाहीत. थंडीत ते तेल आत थिजून बसलं होतं. त्यांनी दोन तास घालवून एकेक दात पुसला आणि देताना म्हणाल्या, "घरी नेल्यावर ड्रॅग, हा दोरीचा ब्रेक, सैल करून ठेवायचा. पुढच्या रविवारपर्यंत कोणी ओढणार नाहीये त्याला. आत वॉशर दबून बसतात. माणसांनाही सारखं आवळून ठेवलं तर बसतात." बिल्डरांनी मान हलवली. त्यांना काय कळलं मला माहीत नाही. मलाही तेव्हा ते फक्त वॉशरबद्दल वाटलं.

दर रविवारी सकाळी त्या विहारात जायच्या. पांढरी साडी, हातात फुलं. एकदा विहारातल्या शिर्के ताई त्यांच्या घरी बसलेल्या असताना मी गेलो होतो. ताई म्हणत होत्या, "विमलताई, आपण सकाळी पाणातिपाता म्हणायचं, जीव घेणार नाही म्हणायचं, आणि दुपारी तुम्ही हे."

"मी जीव घेत नाही. दुरुस्ती करते."

"मासे मारायच्या सामानाची."

"ताई, तुमचा मुलगा सुऱ्या विकतो ना, स्टीलच्या दुकानात?"

मग मॅडमच म्हणाल्या, "मलाही नीट कळत नाही हो. कळलं की सांगते."

हे त्या गमतीत म्हणाल्या नव्हत्या. मी त्यांच्याकडे जितका जास्त जायला लागलो, तितका माझाच गोंधळ वाढत गेला. त्या मासे आवडीनं खायच्या, पण विकत आणून. पहाटे मागच्या मैदानावर जाऊन, दोरीला रबरी बूच बांधून, वीस पावलांवरच्या बादलीत टाकायच्या. दहातले नऊ आत. पण पाण्यावर कधीच जायच्या नाहीत. कोणी बोलावलं की म्हणायच्या, "माझं तिथे काय काम?"

दर वर्षी दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, एका रविवारी सकाळी अकराला एक गृहस्थ यायचे. उंच, वाकलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत एक जुनं रीळ. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मॅडमकडे माझं शिकणं चालू होतं. म्हणजे मी वॉशर पुसत होतो.

"या," मॅडम म्हणाल्या.

"आपल्याला वेळ आहे ना?"

"बसा."

बाकी गिऱ्हाइकं रीळ ठेवून जायची. हे बसायचे. दाराजवळच्या खुर्चीवर, पिशवीची घडी मांडीवर घेऊन, पूर्ण दीड तास. मॅडम उघडायच्या, पुसायच्या, जोडायच्या. बोलणं एवढंच:

"वाळू गेलीय आत."

"असेल."

"मागच्या वेळीही गेली होती."

"हो का? मी जपतो तसं."

मध्ये मॅडम उठून चहा करायच्या. आम्हा कोणाला चहा कधी मिळाला नव्हता. त्यांच्या कपात साखर घातली नाही हे मी पाहिलं, आणि त्यांना तसं विचारलंही नव्हतं.

तेव्हा मला कळायला हवं होतं. पण मी सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधतो, माणसांत नाही.

मॅडम प्रत्येक रिळाला सुतानं एक चिठ्ठी बांधायच्या, तिच्यावर मालकाचं आडनाव. ते गृहस्थ गेल्यावर टेबलावरची काढून टाकलेली चिठ्ठी मी उचलली. तिच्यावर 'रणपिसे' लिहिलं होतं.

"मॅडम, ही तुमचीच चिठ्ठी त्यांच्या रिळाला कशी लागली?"

"माझी नाही. रणपिसेंचीच आहे."

"म्हणजे ते पण रणपिसे? नात्यातले?"

"नवरा," त्या म्हणाल्या आणि भिंग डोळ्याला लावलं.

मी बराच वेळ तोच वॉशर पुसत राहिलो. घटस्फोट म्हणावा तर आडनाव त्यांचंच. भांडण म्हणावं तर चहा बिनसाखरेचा. तळमजल्यावरच्या काकांना मी आडून विचारलं, तर ते म्हणाले की मिस्टर रणपिसे नाशिकला बदली होऊन गेले, असं बाईंनीच सांगितलं होतं. शिर्के ताईंना त्यांनी सांगितलं होतं की ते घोरतात. आणखी एका बाईंना सांगितलं होतं की तुम्हाला काय करायचंय.

त्यानंतरच्या पावसाळ्याआधी ते पुन्हा आले, तेव्हा मी मुद्दाम लक्ष ठेवून बसलो. मॅडमनी सगळं नीट केलं. मग शेवटी, झाकण लावण्याआधी, बोटाच्या टोकावर ग्रीसचा चांगला गोळा घेतला आणि नेमका त्या छोट्या, मूठ उलटी न फिरू देणाऱ्या बेअरिंगमध्ये भरला. माझ्या डोळ्यांसमोर. मी तोंड उघडलं, तर त्यांनी एक बोट वर केलं.

ते गेल्यावर मी म्हणालो, "मॅडम, तिथे ग्रीस चालत नाही ना? दोन महिन्यांत घसरायला लागेल ते."

"हाताला लागलं असेल थोडं," त्या म्हणाल्या.

थोडं नव्हतं. मी पाहिलं होतं. त्या चुकल्या होत्या की काय, वयामुळे झालं की काय, हे मला कळेना, आणि विचारायची छातीही होईना.

त्याच पावसाळ्यानंतर, एका शनिवारी, त्या आमच्याबरोबर तलावावर आल्या. मी सवयीनं विचारलं होतं आणि त्या सवयीनं नाही म्हणतील असं धरून होतो. त्या म्हणाल्या, "किती वाजता निघायचं?" माझे तिघे मित्र गाडीच्या मागच्या सीटवर शाळेतल्या पोरांसारखे गप्प बसले. तलाव दौंडच्या अलीकडे, सोलापूर रस्ता सोडून आत. गावच्या मच्छीमार सोसायटीची परवानगी काढलेली होती. कडेनं पाणवनस्पती, मध्ये काळं पाणी.

मॅडमनी माझा रॉड घेतला. रबरी बेडकाचा गळ अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिला. नखावर घसरतो तो बोथट, रुततो तो धारदार. माझा घसरला. त्यांनी एप्रनच्या खिशातून छोटी कानस काढून चार हात मारले. पहिल्यांदा बेडूक त्यांनी गवताच्या कडेला टाकला, दुसऱ्यांदा तिथून हातभर पुढे. तिसऱ्यांदा तो पडला आणि पाणी फुटलं. त्यांनी घाई केली नाही. मनात काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि मग रॉड उचलला. मरळ बाहेर आली ती हातभर लांब, काळी, सापासारखं डोकं. मॅडमनी हात आधी पाण्यात ओला केला, मग तिला धरलं, गळ सोडवला आणि तिला पाण्यात सोडून दिलं.

माझा मित्र निखिल जवळजवळ रडकुंडीला आला. "मॅडम, दीड किलोची तरी होती."

"असेल."

"मग सोडली का?"

"हे रीळ चालतंय की नाही ते बघायचं होतं. चालतंय."

दुपारी बाभळीखाली बाकीचे जरा लांब बसले होते. मॅडमनी डब्यातली चपाती मला दिली आणि काही न विचारता बोलायला लागल्या, पाण्याकडे बघत.

लग्नानंतर दोघं इथेच यायचे, स्कूटरवरून. मासे ते पकडायचे, रिळं या दुरुस्त करायच्या. मूलबाळ झालं नाही, त्याचं दोघांनी फार मनाला लावून घेतलं नाही. मग हडपसरला सासूबाई अंथरुणाला खिळल्या. ते आईपाशी राहायला गेले. मॅडमची एक्स्चेंजमधली पाळी असायची, त्यांना रोज जमायचं नाही. महिन्याभराचं म्हणून गेले होते. सासूबाई नऊ वर्षं जगल्या.

"आणि मग?"

"मग त्या गेल्या. तेरा दिवस मी तिथेच होते. निघताना वाटलं, ते म्हणतील येतो. त्यांना वाटलं असेल, मी म्हणेन चला. मी बसमध्ये बसले."

"भांडण नव्हतं?"

"आठवत नाही. असेल एखादं. कोण रागावलं होतं तेही आठवत नाही. अकरा वर्षं झाली. त्या वर्षी दिवाळीनंतर रीळ घेऊन आले. म्हणाले, जरा बघता का."

मी चपाती हातात धरून बसलो होतो. मग धीर करून म्हणालो, "आणि ती वाळू? इथे तर सगळी काळी माती आहे."

"बांधकामाची वाळू आहे ती. चाळलेली." त्यांनी डबा बंद केला. "त्यांच्या घरासमोर इमारत चाललीय, त्या ढिगातली. वाळू पहिल्यांदा आली तेव्हाच कळलं होतं मला."

"मग तुम्ही त्यांना बोलला काऊन नाही?"

"काय बोलू?"

ग्रीसचं विचारायचं ओठावर आलं होतं, पण तेवढ्यात निखिलच्या दोरीची जट झाली आणि त्या उठल्या.

त्या वर्षी दिवाळी झाली, कार्तिक संपला, ते आले नाहीत. मॅडम रविवारी सकाळी अकराची वेळ कोणाला द्यायच्या नाहीत, आणि मी मध्येच गेलो तर दार उघडंच असायचं. असे पाच रविवार गेले. सहाव्या आठवड्यात सोमवारी मी ऑफिसला निघालो, तर त्या जिन्यात उभ्या होत्या. हातात एक चिठ्ठी, तिच्यावर पत्ता.

"हडपसरला जाता ना रोज? संध्याकाळी परत येताना इथे डोकावून या. रिळाचं काम आहे का विचारा."

मी गेलो. जुन्या गावठाणातलं बैठं घर, समोर चार मजले चढलेली अर्धवट इमारत आणि वाळूचा ढीग. दार रणपिसेंच्या पुतण्यानं उघडलं. प्रशांत नाव, चाळिशीचा, नुकताच कामावरून आलेला. मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, काकांना दीड महिन्यापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं नीट कळत नाही. आता दवाखान्यातून घरी आणलंय. काकूंना कळवावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं. "काका नको म्हणतात का हो म्हणतात तेच समजत नाही," तो म्हणाला. "मी दोन्ही विचारून पाहिलं. दोन्हीला मान हलवतात."

घरी येऊन मी मॅडमना सांगितलं. त्या टेबलाशी बसलेल्या होत्या. त्यांनी दिवा बंद केला, परत लावला.

"उजवी?"

"हो."

"उद्या किती वाजता निघता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना बाइकवर मागे बसवून नेलं. त्यांनी एप्रन घातला होता आणि मांडीवर पिशवी होती, तिच्यात स्क्रू ड्रायव्हर आणि इडलीच्या ताटल्या. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. फातिमानगरच्या सिग्नलला मात्र म्हणाल्या, "हळू," आणि तेव्हा आमची गाडी उभी होती.

रणपिसे पलंगावर उशीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, शर्ट इस्त्रीचा नाही. मॅडमना पाहून त्यांनी डाव्या हातानं आधी शर्टाचं वरचं बटण लावायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "रीळ कुठे आहे?"

प्रशांतनं कपाटावरून कापडी पिशवी काढली. "हीच. झटका आला त्या सकाळी तुमच्याकडेच निघाले होते. चपला घालताना पडले."

मॅडमनी रीळ कानाशी धरलं, मूठ फिरवली. वाळू करकरली, ती मलाही ऐकू आली. मूठ मागेही फिरत होती, मॅडमनी भरलेल्या ग्रीसनं आपलं काम केलं होतं.

"आणि रॉड?" त्यांनी विचारलं.

"रॉड?" प्रशांत गोंधळला. "रॉड नाही काकू. तो आजी गेली त्या वर्षीच मोडला, माझ्याकडूनच, सामान हलवताना. काका तेव्हापासून गेलेच नाहीत मासे पकडायला."

अकरा वर्षं ते रीळ रॉडशिवाय बिबवेवाडीला येत होतं. मी रणपिसेंकडे पाहिलं, ते खिडकीबाहेर पाहत होते. मॅडमचे कान लाल झाले होते. त्यांना हे माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. वाळू त्यांना कळली होती, पण हे नाही.

मग त्यांनी ताटल्या पलंगावर मांडल्या आणि रीळ उघडायला घेतलं. पहिला स्क्रू, पहिला खळगा. रणपिसेंनी खिडकीवरून नजर काढून त्यांच्या हातांवर ठेवली. मध्येच ते काहीतरी बोलले. तोंडातून नुसता घोगरा आवाज आला, लांबलचक. प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं, मी प्रशांतकडे.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, चहा ठेवा," मॅडम म्हणाल्या.

ते खरोखर तसं म्हणाले होते की नाही, कोण जाणे. रणपिसेंनी मान हलवली, पण ती तर ते सगळ्यालाच हलवत होते. प्रशांत चहा ठेवायला गेला. मला ऑफिसला उशीर होत होता, मी निघालो. दारातून मागे पाहिलं तर मॅडम रीळ तसंच अर्धवट सोडून त्यांच्या शर्टाचं बटण लावत होत्या, आणि रागावल्यासारखं काहीतरी पुटपुटत होत्या. त्यात 'अकरा' एवढाच शब्द मला कळला.

त्यानंतर त्या रोज बसनं हडपसरला जायला लागल्या. आधी दुपारी परत यायच्या, मग संध्याकाळी. मग आठवड्यातून दोनदा फक्त झाडांना पाणी घालायला. एका रविवारी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर लोकांची सतरा रिळं ओळीनं मांडलेली होती, सगळी तयार, चिठ्ठ्यांसकट.

"फोन करून द्या एकेकाला. आणि सांगा, आता मी घेत नाही."

"म्हणजे तुम्ही परत त्यांच्याकडे गेलात असं म्हणायचं?"

"मी हडपसरला गेलेय असं म्हणायचं."

"पण मग लोकांनी विचारलं तर..."

"तुम्हाला कोणी विचारलं का?"

मला कोणी विचारलं नव्हतं. मीच विचारत होतो, आणि मला अजूनही ते नीट सांगता येत नाही. शिर्के ताई म्हणाल्या, शेवटी संसार तो संसार. तळमजल्यावरचे काका म्हणाले, नाशिकची बदली संपली वाटतं. प्रशांत एकदा भेटला तेव्हा म्हणाला, दिवसभर दोघं भांडतात. म्हणजे काकू भांडते, काका आवाज काढतात, आणि ती त्यांच्या आवाजाला पूर्ण वाक्यात उत्तर देते. मला त्या वाक्यांची असूया वाटली. मी इतके दिवस टेबलापाशी बसून त्यांचं दोन ओळींच्या वर काही ऐकलं नव्हतं.

शेवटचं पाहिलं ते स्वारगेटला. उन्हाळा होता, दुपारचे चार. मी बाइकवर सिग्नलला थांबलो होतो. समोर हडपसरची बस उभी होती आणि तिच्या मागच्या दारात मॅडम. सुती पंजाबी ड्रेस, घामाघूम, आणि दोन्ही हातांत एक मोठा स्टीलचा वॉकर, चार पायांचा, आजारी माणसाला धरून चालायचा. तो दारातून आत जात नव्हता. त्यांनी तो आडवा करून पाहिला, उलटा करून पाहिला. मागे रांग तुंबली होती.

"बाई, हे कसं जायचं आत?" कंडक्टर वरून म्हणाला.

"तुम्ही तो हात काढा. मग जाईल."

"मागच्या बसनं या ना."

"मागच्या बसचं दार मोठं आहे का?"

कंडक्टरनं हात काढला. मॅडमनी वॉकरवरचं एक बटण दाबलं, त्याचे पाय मिटले, आणि तो सरळ आत गेला. मी "मॅडम" म्हणून हाक मारली. दोनदा मारली. मधे रिक्षा होत्या, हॉर्न होते, त्यांना ऐकू गेलं नाही. त्या आत चढल्या, कोणीतरी उठून जागा दिली. त्या बसल्या नाहीत. वॉकर सीटवर ठेवला, त्याला एका हातानं धरलं, दुसऱ्यानं वरचा दांडा, आणि बस हलली तशा त्या पुढे बघत उभ्या राहिल्या.

सिग्नल हिरवा झाला. माझ्या मागचा माणूस ओरडला, आणि मला आठवेना की मला डावीकडे वळायचं होतं की सरळ जायचं होतं.